'डिपेंडन्सी इंजेक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, चिपळूणहून:
डिप्लोमाच्या मुलांना डॉट नेट (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅमिंग फ्रेमवर्क) शिकवते. हाती आलेल्या नोट्समध्ये 'अवलंबित्व अंतःक्षेपण' आणि डीबीकॉन्टेक्स्टला (डेटाबेसशी बोलणाऱ्या क्लासला) 'विदासंदर्भ' असं लिहिलंय. मुलं पाठ करतात, कळत कुणालाच नाही. सुचवा काही.

उत्तर, रत्नागिरीहून:
ताई, मेख 'अवलंबित्वा'तच आहे. ती झाली अवस्था. इथे डिपेंडन्सी म्हणजे जिच्यावाचून काम अडतं ती वस्तू, आणि वस्तू पुरवतात. मिरकरवाड्याला, आमच्या मासेमारी बंदरात, बोट सुटण्याआधी बर्फ, डिझेल, शिधा धक्क्यावरून चढतो. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बर्फ करत बसत नाही. तसंच क्लासने कॉन्टेक्स्ट (डीबीकॉन्टेक्स्ट) स्वतः 'न्यू' करायचा, म्हणजे नवा बनवायचा, नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे स्वतः तयार होतानाच, मागायचा; कंटेनर, म्हणजे फ्रेमवर्कमधला पुरवठादार, पुरवतो. मी 'साधनपुरवठा' म्हणतो.

'स्कोप्ड'साठी, म्हणजे ठरावीक कामापुरत्याच टिकणाऱ्या वस्तूसाठी, तर आपल्याकडे '-पुरता' तयारच आहे. 'अ‍ॅडडीबीकॉन्टेक्स्ट'ने कंटेनरकडे नोंदवलेला कॉन्टेक्स्ट, वेगळं काही सांगितलं नाही तर, विनंतीपुरता, म्हणजे एका वेब विनंतीपुरता, असतो. बर्फ फेरीपुरता, इंजिन मात्र हंगामभर तेच, म्हणजे सिंगलटन. मला हे अंगाशी आल्यावर कळलं. मासळीच्या लिलावाची सेवा लिहिली होती, तिच्यात एका सिंगलटन क्लासने कॉन्टेक्स्ट धरून ठेवला. डेटाबेसात भाव बदलला तरी स्क्रीनवर जुनाच, कारण एकदा वाचलेली नोंद कॉन्टेक्स्ट जवळ ठेवतो. मग पहाटे दोन विनंत्या एकदम आल्या आणि एरर: पहिलं काम संपायच्या आत दुसरं सुरू झालं. एक कॉन्टेक्स्ट एकाच वेळी दोन कामं करू शकत नाही.

उत्तर, मालवणहून:
'संदर्भ' तर नकोच, तो आपण रेफरन्सला वापरतो. कॉन्टेक्स्ट बदल टिपत राहतो, 'सेव्हचेंजेस' म्हटल्यावरच ते डेटाबेसात उतरतात. आमच्या दुकानात दिवसभर कच्च्या वहीत लिहितात, रात्री पक्क्या वहीत चढवतात. 'कच्ची वही' कशी वाटते?

उत्तर, रत्नागिरीहून:
समजावून सांगायला फारच छान. वही दोघांनी एकदम ओढली की काय होतं तेही मुलांना लगेच दिसेल. कोडमध्ये नाव डीबीकॉन्टेक्स्टच राहू दे.

प्रश्नकर्ती:
'पुरवणे' आणि 'कच्ची वही' उद्याच घेते. पण रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकग्राउंड सेवेत विनंतीच नसते. तिथे 'विनंतीपुरता' कसं म्हणायचं?

उत्तर, रत्नागिरीहून:
बरोबर पकडलंत, तिथे माझा शब्द तोकडा पडतो. 'फेरीपुरता' म्हणा. वेब विनंतीत फेरी फ्रेमवर्क काढतं. बॅकग्राउंड सेवेत स्कोप फॅक्टरीकडून (स्कोप बनवून देणाऱ्या सेवेकडून) स्कोप मागून ती आपणच काढायची, आणि काम झालं की आपणच संपवायची.