नवी फायबर होडी, मागची फळी हलते. बिल्डर आणि इंजिनवाला दोघेही हात झटकतायत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भावासाठी विचारते आहे. आम्ही देवगड तालुक्यातले, घरचा धंदा मासेमारीचा. बाबांची लाकडी होडी थकली म्हणून भावाने पतसंस्थेचं कर्ज काढून चोवीस फुटी फायबर बांधून घेतली. होडी जिल्ह्याबाहेरच्या एका बिल्डरकडून, तर २५ अश्वशक्तीचं नवं आउटबोर्ड इंजिन दुसऱ्या डीलरकडून. बिलं वेगवेगळी, दोन्ही भावाच्या नावावर, मिळून पाच लाखांच्या वर आणि दहाच्या आत. नावं इथे देत नाही, आधी सरळ मार्गाने सुटतंय का ते बघायचं आहे.

होडी भर पावसाळ्यात बांधली. जुलैच्या शेवटी, पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या तोंडावर ताब्यात मिळाली. तेव्हा आत रेझिनचा उग्र वास होता, तो पुढे बरेच आठवडे गेला नाही. गणपतीनंतर नाळेजवळ (पुढच्या टोकाशी) आणि काठाच्या पट्टीखाली जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, बारीक चिरा दिसू लागल्या. बिल्डर फोनवर म्हणाला, वरच्या थराला असं होतंच, काळजी करू नका.

खरी काळजी दिवाळीच्या सुमारास सुरू झाली. इंजिनाला जोर दिला की मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, आत-बाहेर होते. होडी किनाऱ्यावर असताना इंजिन तिरकं करून हाताने दाबलं तरी फळी वाकलेली डोळ्यांना दिसते. बोल्टांभोवती जेलकोट फुटलाय. होडी वर ओढून ठेवली की खालच्या बोल्टाच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपत राहतं.

शिवाय इंजिनाचाही त्रास आहे. वळण घेताना इंजिनाचा पाण्यातला पंखा एकदम मोकळा फिरल्यासारखा ओरडतो आणि जोर जातो. सरळ चालताना, जाळी आणि बर्फ भरलेला असताना, इंजिन पूर्ण फेरे घेत नाही. आमच्या इंजिनाला मिनिटाचे फेरे मोजायचं मीटर नाही. गावातल्या मेकॅनिकने प्लगच्या वायरीवर बसवायचं मीटर आणून मोजलं तर ४३०० च्या वर काटा जाईना. पुस्तिकेत ५००० ते ६००० लिहिलंय.

बिल्डर म्हणतो, फळीला भोकं इंजिनवाल्याच्या माणसाने पाडली, सीलंट लावलं नाही, पाणी आत शिरलं, आता माझी वॉरंटी लागू नाही. डीलर म्हणतो, भोकं पाडल्याशिवाय इंजिन बसत नाही, फळीच कच्ची आहे, तिची उंचीही चुकलीय, म्हणून इंजिन नीट चालत नाही. दोघे एकत्र होडीपाशी यायला तयार नाहीत. फार मागे लागल्यावर बिल्डर म्हणाला, "जूनमध्ये आणा, बंदीत करून देतो." होडीवरची त्याची वॉरंटी एक वर्षाची आहे, म्हणजे बंदी संपता संपता तीही संपेल. हे सगळं तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर चाललंय.

दोष कुणाचा हे ठरवायचं कसं? जूनपर्यंत थांबावं का? आणि डीलरचा माणूस म्हणाला की ही धंद्याची होडी, तुम्हाला ग्राहक कायदा लागत नाही. हे खरं आहे का? भाऊ आणि त्याच्यासोबतचे दोन खलाशी रोज याच होडीने बाहेर जातात. मला रात्री झोप लागत नाही.

---

प्रतिसाद: लॅमिनेशनवाला

ताई, मी बरीच वर्षं फायबरच्या कारखान्यात काम केलंय. तपकिरी पाणी झिरपतंय म्हणजे फळीच्या पोटातलं प्लायवुड भिजलंय, याबद्दल मला शंका नाही. पाणी कुठून शिरलं, एवढाच प्रश्न आहे.

होडी दोन-तीन दिवस वर ओढून सुकू द्या. मग लाकडी हँडल किंवा जाड नाणं घेऊन फळीवर चार-चार बोटांवर ठोकत जा. पक्की जागा टणटणीत वाजते. आत थर सुटले असतील किंवा प्लाय कुजलं असेल तर भद्द आवाज येतो. भद्द जागेभोवती मार्करने रेघ मारा आणि मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. भद्द जागा फक्त बोल्टांभोवती असेल तर इंजिनवाल्याचा मुद्दा अवघड होतो. पण ती बोल्टांपासून लांब, कोपऱ्यात किंवा वरच्या कडेला पसरली असेल तर बांधणीतच खोट आहे: एकतर प्लायला रेझिन नीट पाजलं नाही, किंवा वरची कड उघडी ठेवून पट्टी ठोकून दिली. ही दुसरी चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय की संताप येतो. बाहेरून फळी गुळगुळीत, चकचकीत, आणि पट्टीखाली कोरं लाकूड.

वास आठवडेच्या आठवडे राहिला, म्हणजे रेझिन पूर्ण पिकलं नसावं अशी शंका येते. आतल्या बाजूला, जिथे जेलकोट किंवा रंग नाही अशा ठिकाणी, ॲसिटोनचा बोळा घासून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते कच्चं आहे. पक्कं मोजायला बारकोल नावाचं कडकपणा मोजायचं यंत्र असतं, ते तज्ज्ञाकडे मिळेल.

स्वतः ड्रिल मारू नका, पट्टी उचकटू नका. नाहीतर उद्या बिल्डर म्हणेल की पाणी तुम्हीच आत घातलंत. भोक पाडून भुसा कोरडा येतो की काळा ओला, हे दोघांना लेखी बोलावून त्यांच्यासमोर बघायचं. नाही आले तर पंचनामा करून.

आणि जूनला होडी अजिबात देऊ नका. जून-जुलैत आपल्याकडची हवा पाण्याने भरलेली असते. भिजलेलं प्लाय त्या दिवसांत सुकणारच नाही, आणि दमट मॅटवर (काचतंतूंच्या कापडावर) रेझिन नीट धरत नाही. तुमची होडी बांधली तीही याच दिवसांत. फळीचं काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांतच झालं पाहिजे. त्यात धंद्याचे दिवस जातील हे मला कळतंय, पण पावसातली दुरुस्ती म्हणजे पुढच्या वर्षी हाच धागा परत.

---

प्रतिसाद: बंदरावरचा मेकॅनिक

सगळ्यात आधी भावाला सांगा, या फळीवर पूर्ण जोर द्यायचा नाही. हलणारी फळी एक दिवस बोल्टांसकट सुटते, आणि मग इंजिन पाण्यात आणि मागून पाणी होडीत. इंजिनाला जाड दोर बांधून होडीच्या पक्क्या कडीला अडकवा, लाइफ जॅकेट अंगात ठेवा, एकट्याने लांब जाऊ नका. वारा असेल तर जाऊच नका.

इंजिनाच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. डीलरने त्या एकत्र केल्यात, कारण तसं केलं की सगळं होडीवर ढकलता येतं.

वळताना पंखा ओरडतो तो हवा ओढल्यामुळे. पंख्याच्या वर आडवी चपटी प्लेट असते, तिला आम्ही कॅव्हिटेशन प्लेट म्हणतो. होडीच्या तळाला मधोमध सरळ पट्टी धरून मागे आणा. प्लेट तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर असायला हवी. लांब शाफ्टच्या इंजिनाला ट्रान्सम साधारण २० इंच लागतो. तुमचा जास्त भरला तर बिल्डरने चुकीचं माप घेतलंय हे खरं. पण इंजिन टांगण्याआधी तेच माप घेणं हे बसवणाऱ्याचं काम होतं. चुकीच्या उंचीच्या फळीवर इंजिन बसवून बिल घेतलं, तर डीलर कसा सुटेल?

सरळ चालताना फेरे कमी, यात बहुधा पंखा भारी आहे. भरलेल्या मासेमारी होडीला कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे ढकलणारा) पंखा लागतो. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. हे सर्वस्वी डीलरचं काम आहे, फळीशी याचा संबंध नाही. दडपून चालवलेलं नवं इंजिन लवकर मरतं, म्हणून यात वेळ घालवू नका. पहिली सर्व्हिस साधारण २० तासांना करायची असते. ती झाल्याचा शिक्का पुस्तिकेत आहे ना? नसेल तर वॉरंटी नाकारायला डीलर पहिल्यांदा तेच पान उघडेल.

---

प्रतिसाद: कायद्यातला

धंद्याच्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, हे अर्धसत्य सांगून लोकांना घरी पाठवतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळलीय हे बरोबर. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरायची नाही. सोबत दोन खलाशी आहेत म्हणून बिघडत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या निकालात सांगितलंय की वाहन किंवा यंत्र चालवताना मालकाने एक-दोन माणसांची मदत घेतली तरी तो ग्राहकच राहतो. तक्रारीत मात्र हे स्पष्ट लिहायला हवं: होडी भाऊ स्वतः चालवतो आणि घर त्यावरच चालतं. हे वाक्य राहून गेलं तर समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालेल.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात. बिल्डरच्या गावी जायची गरज नाही. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे येते, आणि ५ ते १० लाखांच्या खरेदीला शुल्क आहे २०० रुपये. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. बिल्डर आणि डीलर दोघांनाही सामनेवाले करा. दोष कुणाचा किती हे ठरवणं आयोगाचं काम आहे, त्यासाठी प्रयोगशाळेकडून तपासणीही करून घेता येते. अशी तपासणी लागणार नसेल तर तीन आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे भावाला आधीच सांगून ठेवा. म्हणून त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. काही वेळा तेवढ्यानेही माणसं हलतात.

व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका आणि फोन बदलू नका. त्यांच्या प्रती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. विमा असला तरी त्यावर विसंबू नका, बांधणीतला दोष सहसा त्यात बसत नाही.

---

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांनी सांगितलेलं भावाने लगेच केलं.

ट्रान्सम २२ इंच भरला. प्लेट तळाच्या रेषेपासून दोन इंच वर आहे. ठोकून बघितलं तर बोल्टांभोवती भद्द आहेच, पण डाव्या कोपऱ्यातही हातभर जागा भद्द वाजते, आणि तिथे एकही बोल्ट नाही. वरची ॲल्युमिनियमची पट्टी त्या टोकाला मुळातच सुटलेली होती. हात न लावता टॉर्च मारला तर खाली उघडं प्लाय दिसतं. मोजपट्टी धरून फोटो काढले, व्हिडिओही केला. ॲसिटोन लावल्यावर आतली एक जागा चिकट झाली. पहिल्या सर्व्हिसचा शिक्का पुस्तिकेत आहे, बिलही सापडलं.

बाबा गप्प गप्प असतात. म्हणतात, लाकडाची होडी असती तर गावच्या सुताराने फळी कधीच बदलून दिली असती. भावाने लांब जाणं बंद केलंय, किनाऱ्याजवळ थोडं जाळं टाकून येतो. हप्ता मात्र थांबत नाही.

दोघांना एकच पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवतेय. मसुदा असा:

"आपणाकडून घेतलेल्या होडीच्या ट्रान्सममध्ये व इंजिन बसवणीत सोबतच्या फोटोंत दाखवलेले दोष आहेत. हे दोष वॉरंटी काळात आपणास फोनवर व संदेशाने वेळोवेळी कळवले आहेत. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपण दोघांनी एकत्र येऊन होडीची तपासणी करावी व लवकरात लवकर दुरुस्ती करून द्यावी. तसे न झाल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार केली जाईल."

यात काही राहिलंय का?

---

प्रतिसाद: कायद्यातला

"लवकरात लवकर" काढा, त्याच्या आधारे ते तुम्हाला जूनपर्यंत नेतील. तारीख घाला: "३० एप्रिलपर्यंत, कोरड्या बंदिस्त शेडमध्ये." उंची २० इंचांवर आणणं, भिजलेलं प्लाय पूर्ण काढून नवं घालणं, वरची कड व सर्व भोकं सील करणं आणि योग्य पिचचा पंखा देणं, ही कामं नावानिशी लिहा. दुरुस्त केलेल्या फळीला काम झालेल्या दिवसापासून नवीन एक वर्षाची वॉरंटी मागा. होडी नेण्या-आणण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवत आहोत, असंही एक वाक्य हवं. बुडालेल्या दिवसांसाठी गेल्या महिन्यांच्या मासळी विक्रीच्या पावत्या आत्ताच गोळा करून ठेवा.

---

प्रतिसाद: लॅमिनेशनवाला

एक माझंही घाला: जुनी फळी काढतील तेव्हा भाऊ तिथे हजर असेल आणि काढलेल्या प्लायचा तुकडा तुमच्या ताब्यात देतील. नवं प्लाय मरीन ग्रेडचं हवं आणि त्याचं बिल दाखवायला सांगा. तपासणीच्या दिवशी माणूस हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा. मी त्या बाजूला असतो, येऊन ठोकून बघेन.