सिएम रीप : एका दिवसाचं तिकीट पुरे, उगाच मुक्काम वाढवू नका

पायपीट (धागाकर्ता) :
दिवाळीनंतर व्हिएतनाम-कंबोडिया ठरतंय. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. एकूण नऊ रात्री हातात आहेत. त्यातल्या सिएम रीपला, म्हणजे अंगकोरच्या मंदिरांशेजारच्या कंबोडियातल्या शहराला, किती द्यायच्या यावरून घरात रोज जेवणानंतर वाद रंगतो. मेहुण्याचं म्हणणं, अंगकोरला पाच रात्री देणार नसाल तर जाऊच नका. माझं मत सरळ आहे: दोन रात्री आणि एका दिवसाचं तिकीट, बास.

अंगकोरच्या तिकिटाचे तीन प्रकार आहेत. एक दिवस ३७ डॉलर, तीन दिवस ६२, सात दिवस ७२. बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट. म्हणजे आम्हा चौघांचे एका दिवसाला १४८ डॉलर आणि तीन दिवसांचे २४८. शंभर डॉलर जास्तीचे कशासाठी? अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम ही तीन मंदिरं बघितली की मुख्य काम झालं. पुढे तेच दगड, तीच शिखरं. त्यात ऑक्टोबर २०२३ पासून विमानतळ शहरापासून सुमारे ५० किमी लांब गेलाय, म्हणजे येण्याजाण्यातच वेळ मोडतो. आपले टूरवालेही दोन रात्रीच देतात, ते काय येडे आहेत?

विरोधी मतांचं स्वागत आहे. फक्त "आयुष्यात एकदाच जातो हो माणूस" हे सोडून दुसरं काही कारण असेल तर द्या.

उरकून टाका :
+१. पहाटे पाचला अंगकोर वाट, तिथून अंगकोर थोम ही जुनी राजधानी आणि तिच्यातलं बायोन, जेवण, दुपारी ता प्रोम. रिक्षावाल्यांचा ठरलेला "छोटा फेरा" हाच आहे. संध्याकाळी पब स्ट्रीटला पाय मोकळे करा, सकाळी विमान पकडा. ज्यांना पुरातत्त्वात डॉक्टरेट करायची नाही त्यांना एवढं भरपूर आहे.

शिल्पवेडी :
टूरवाले येडे नाहीत, त्यांना चाळीस माणसं आणि एक बस सांभाळायची असते. तुम्ही पाच जण आहात, तुमचा हिशेब वेगळा.

"तेच दगड" म्हणताय म्हणून जरा सविस्तर लिहिते. अंगकोर वाट बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधलं. तोंड पश्चिमेला. बाहेरच्या ओवऱ्यांमधून कोरलेल्या भिंतींची फेरी अर्ध्या किलोमीटरहून लांब आहे. पश्चिमेच्या दारातून आत गेल्यावर उजवीकडे वळलात की कुरुक्षेत्र सुरू होतं. डाव्या टोकाकडून कौरव, उजव्या टोकाकडून पांडव, आणि भिंतीच्या मध्यावर नुसती कापाकापी. कौरवांच्या बाजूला शरपंजरी भीष्म आहेत. बाण इतके दाट की पहिल्यांदा बघताना ते झुडूपच वाटतं. खालच्या रांगेत पायदळ, एकाच्या ढालीला दुसऱ्याचं डोकं चिकटलेलं. हात पोचेल एवढ्या उंचीवरचा दगड माणसांनी हात फिरवून फिरवून काळा कुळकुळीत आणि गुळगुळीत केलाय. आता हात लावू देत नाहीत, ते बरंच आहे.

त्याच बाजूच्या दुसऱ्या टोकाला लंकेचं युद्ध. राम हनुमानाच्या खांद्यावर उभा आहे आणि रावण वीस हातांनी रथातून लढतोय. मग पूर्वेला समुद्रमंथन, जवळजवळ पन्नास मीटर लांब, एकीकडे ९२ असुर आणि दुसरीकडे ८८ देव वासुकीला धरून मागे रेललेले. ही कथानकं आपल्याला गाइडशिवाय वाचता येतात! युरोपातून आलेला माणूस पुस्तकात तोंड खुपसून उभा असतो आणि आपल्या दहा वर्षांच्या पोराला भीष्म आपोआप ओळखू येतो. आणि आपणच तिथून पंधरा मिनिटांत पुढे पळायचं? मला तर हे पटतच नाही.

(जाता जाता: या भिंती उलट्या दिशेने, म्हणजे अप्रदक्षिण क्रमाने वाचायच्या आहेत. मंदिराचा संबंध राजाच्या अंत्यविधीशी असावा असं अभ्यासक म्हणतात त्यामागे हे एक कारण आहे. बहुतेक गट सोयीने कुठूनही शिरतात.)

उरकून टाका :
ताई, वर्णन झकास. पण हे सगळं तुम्ही ज्या मंदिरातलं सांगितलंत ते एका दिवसाच्या तिकिटातही दिसतंच की.

नागपुरी तर्री :
दिसतं, पण कधी ते बघा. तुम्ही लोक "दिवस" मोजताय, तिथे तास मोजावे लागतात. दिवाळीनंतर हवा बरी असते, पारा ३०-३१ च्या आसपास. आमच्याकडे एवढ्याला कोणी ऊन म्हणत नाही. पण तिथला घाम वेगळा. अकरानंतर दगड तापायला लागतो, हवा हलत नाही, आणि बायोनवर सावली शोधत फिरावं लागतं. कामाची वेळ म्हणजे पहाटे पाच ते साडेदहा-अकरा आणि मग तीन ते साडेपाच. नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास बुडतो आणि बहुतेक मंदिरंही तेव्हाच बंद होतात.

म्हणजे एका दिवसाच्या तिकिटात हातात येतात आठ तास. त्यातले दीड-दोन तास सूर्योदयाच्या तळ्याकाठी जागा धरून बसण्यात जाणार. सूर्योदय झाला की मात्र निम्मी गर्दी नाश्त्याला हॉटेलवर पळते. तेव्हा पळायचं नाही, तडक आत जायचं. साडेसहा ते आठ ओवऱ्या बऱ्यापैकी रिकाम्या असतात. फक्त पश्चिमेच्या भिंतींवर ऊन दुपारनंतर येतं, म्हणून त्या बघायला दुसऱ्या खेपेला परत जाण्यात मजा आहे. दोन खेपा एका दिवसात बसवा बघू, तेही आई-बाबांना घेऊन.

हिशेबी :
मी पैशांपुरतंच बोलतो. तीन गोष्टी धाग्यात आलेल्या नाहीत.

पहिली, तीन दिवसांचं तिकीट सलग तीन दिवस वापरावं लागत नाही. दहा दिवसांच्या मुदतीत कुठलेही तीन दिवस. सात दिवसांचं महिनाभरात. त्यामुळे मधला एक दिवस हॉटेलच्या तलावात पडून काढला तरी काही बुडत नाही.

दुसरी, संध्याकाळी पाचनंतर काढलेलं तिकीट दुसऱ्या दिवसापासून धरतात, आणि त्याच संध्याकाळी सूर्यास्ताला आत सोडतात. विमान दुपारी उतरत असेल तर ही संध्याकाळ फुकटात मिळते. खिडकी साडेपाचला बंद होते, तेवढं सांभाळा. नोम बाखेंगच्या टेकडीवर मात्र एका वेळी ३०० माणसंच सोडतात, तिथे या वेळेला पोचून रांगेतच सूर्य मावळेल.

तिसरी, शहरापासून लांबचं बान्तेय स्राय हे मंदिरही त्याच तिकिटात आहे. एका दिवसात ते बसत नाही. म्हणजे ३७ डॉलर भरून तुम्ही सर्वांत बारीक कोरीव काम सोडून येणार.

उरकून टाका :
हिशेबीराव, तुमच्या हिशेबात सगळ्यात महाग वस्तूच नाही, ती म्हणजे रात्र. नऊ रात्रींत दोन देश आहेत. सिएम रीपला चार दिल्या की पाच उरल्या. त्यात हनोई, हा लाँग बे, होई आन की सायगाव? एकेक विमानप्रवास अर्धा दिवस खातो. इथे प्रत्येक जण आपापल्या आवडत्या गावाला एक रात्र वाढवून देतोय आणि ती कोणाच्या खिशातून जाते ते सांगत नाहीये.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर देवळांचा कंटाळा येतो, हे कोणी कबूल करत नाही. मुलगा दहा वर्षांचा आहे. पहिलं मंदिर बघताना त्याचे डोळे मोठे होतात, चौथ्याला तो वायफाय विचारतो. मोठेही विचारतात, फक्त मनात.

शिल्पवेडी :
रात्र कोणाच्या खिशातून जाते ते मी सांगते, व्हिएतनामच्या. नऊ रात्रींत दोन अख्खे देश हा बेतच मुळात चुकीचा आहे. हनोई आणि हा लाँग करा, मग सिएम रीप, आणि दक्षिण व्हिएतनाम पुढच्या खेपेला ठेवा. विमानं कमी, सामान बांधणं कमी.

क्वालालंपूरकर :
दोन्ही बाजूंना थोडं थोडं झोडपतो. 🙂

इथून सिएम रीप जवळ असल्यामुळे आमच्याकडचे पाहुणे अनेकदा तिकडे धाडले जातात, तो अनुभव आहे. मुक्काम लांबवा, पण देवळांसाठी नव्हे. लोक सिएम रीपकडे अंगकोरची धर्मशाळा म्हणून बघतात, हे मला खटकतं. नोव्हेंबरात तोन्ले साप तळं भरलेलं असतं. पावसाळ्यात मेकाँगचं पाणी उलटं चढून या तळ्यात शिरतं आणि ते कित्येक पटींनी पसरतं. तळ्याकाठच्या काम्पोंग फ्लुक गावातली उंच खांबांवरची घरं तेव्हा पाण्याला टेकलेली दिसतात. एप्रिलमध्ये तीच घरं कोरड्या चिखलात उभी असतात आणि बोटवाले तरी पैसे तेवढेच घेतात. संध्याकाळी फारे सर्कस बघा. प्राणी नाहीत, बात्तामबांगच्या कलाशाळेत शिकलेली मुलं आहेत, ही शाळा १९९४ मध्ये सुरू झाली. मुलाला भूसुरुंग हुंगून काढणारे उंदीर दाखवा, अपोपो संस्थेचं केंद्र शहरातच आहे. ते उंदीर तो आयुष्यभर विसरणार नाही, बायोन विसरेल.

तेव्हा चार रात्री, पण मंदिरांचे दोनच दिवस. तिकिटाचे दिवस आणि मुक्कामाचे दिवस एकच धरायचं काही कारण नाही.

शिल्पवेडी :
बायोन विसरेल?? ते दोनशेच्या आसपास चेहरे सगळीकडून बघत असताना?

क्वालालंपूरकर :
मुलं कशाने भारावतात ते मुलं ठरवतात, आपण नाही.

पायपीट :
बरीच नवीन माहिती मिळाली, आभार. पण आई-बाबांचं काय? बाबांचे गुडघे दुखतात. तीन दिवस त्यांना पायऱ्या चढायला लावून काय साधणार? माझ्या मते म्हणूनच एक दिवस बरा. लवकर सुटतील.

नागपुरी तर्री :
गुडघ्यांसाठी एक दिवस म्हणजे आठ तासांत तीन मोठी मंदिरं. सगळ्यात जास्त त्रास त्यातच आहे.

शिल्पवेडी :
अगदी. अंगकोर वाटच्या वरच्या मजल्याचा जिना फार खडा आहे, आणि वर एका वेळी मोजकीच माणसं सोडतात म्हणून खाली उन्हात रांग असते. बौद्धांच्या पवित्र तिथींना तो भाग बंदच असतो, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. म्हणजे तुमच्या पाचातले तिघे तसेही खालीच थांबणार. त्यांना ओवऱ्यांतल्या भिंतींपाशी निवांत बसू द्या, तिथे छप्पर आहे. ता प्रोममध्ये लाकडी पायवाट केली आहे. भारताचं पुरातत्त्व खातं तिथे २००४ पासून काम करतंय. त्याआधी १९८६ ते १९९३ अंगकोर वाटलाही आपलीच माणसं होती, हे बाबांना सांगा, आवडेल.

आणि बान्तेय स्राय तर सपाट आणि लहान आहे. शहरापासून साधारण ३५ किमी, वाटेत भातशेती आणि ताडाची झाडं. इ.स. ९६७ मधलं शिवमंदिर, गुलाबीसर वालुकाश्म. कैलास हलवणारा रावण एका हाताच्या अंतरावरून दिसतो. वर शंकर पार्वती, पार्वती घाबरून त्याला बिलगलेली, मधल्या थरात ऋषी, खाली पळणारे हत्ती-सिंह. खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्रही आहे, पाऊस तिरप्या रेघांनी कोरलाय. सकाळी साडेसातला पोचा. दहाला बस येतात आणि मग फक्त टोप्या दिसतात. गुडघेदुखीवाल्यांसाठी सगळ्या अंगकोरमधलं हे सर्वांत सोयीचं ठिकाण आहे आणि तुम्ही नेमकं तेच कापताय.

शंकासुर :
कुलेन डोंगर आणि को केरची मंदिरंसुद्धा त्याच तिकिटात येतात का? आणि शाकाहारी मिळतं का हो?

हिशेबी :
नाही. कुलेनचं वेगळं तिकीट २० डॉलर, को केरचं १५. को केर १२० किमी लांब आहे, २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गर्दी वाढतेय. शाकाहारी मिळतं, पण "मासे नको, माशाचा सॉसही नको" असं दोनदा सांगा. फाटक्या किंवा चुरगळलेल्या डॉलरच्या नोटा नेऊ नका, घेत नाहीत.

उरकून टाका :
आणखी एक. नोव्हेंबरात त्यांचा बोटींच्या शर्यतींचा जलोत्सव असतो, आपल्या कार्तिक पौर्णिमेच्या आसपास. तारखा बघूनच बुकिंग करा, गाड्या आणि खोल्या दोन्ही फुल्ल होतात. तसंच बँकॉकहून थायलंडच्या सीमेवरच्या पॉइपेतमार्गे बसने यायचा जुना मार्ग डोक्यात असेल तर काढून टाका. जून २०२५ पासून ती सीमा पर्यटकांना बंद झाली होती, तेव्हा चौकशी केल्याशिवाय काही गृहीत धरू नका. मत बदललेलं नाही, दोन रात्री. फार तर तीन.

पायपीट :
घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बाबा शिल्पवेडींच्या पक्षात गेले, पोरगा उंदरांच्या. सायगाव कापलंय. सिएम रीपला चार रात्री केल्या, त्याहून जास्त नाही, मेहुण्याने काहीही म्हणो. तिकीट मात्र आत्ता ऑनलाइन काढत नाही. पहिल्या दिवशी एकेका दिवसाचं घेणार, बाबांचे पाय कसे आहेत ते बघणार, आणि वाटलं तर दुसऱ्या दिवशी परत एका दिवसाचं.

हिशेबी :
अहो, एकेका दिवसाची दोन म्हणजे माणशी ७४ डॉलर. सात दिवसांचं ७२ ला आहे.