ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम: एप्सिलॉन नेमका कुठल्या खान्यात टाकायचा?

आकडेमोड_२१:
एम.एस्सी. संख्याशास्त्र, ओआरचा (ऑपरेशन्स रिसर्चचा) पेपर. कारखान्यांतला माल कमीत कमी खर्चात गोदामांना वाटायचा आहे; तक्त्यात ओळी कारखान्यांच्या, स्तंभ गोदामांचे. तीन कारखान्यांचा पुरवठा २०, ३०, २५. तीन गोदामांची मागणी २०, ३५, २०. नॉर्थ-वेस्ट कॉर्नरने (डावीकडच्या वरच्या खान्यापासून भरत जायची पद्धत) (१,१) मध्ये, म्हणजे पहिल्या ओळीच्या पहिल्या स्तंभात २०, (२,२) मध्ये ३०, (३,२) मध्ये ५ आणि (३,३) मध्ये २० आले. मोडी पद्धतीत (उत्तर सर्वांत स्वस्त आहे का हे तपासायची पद्धत; प्रत्येक ओळीला एक यू, प्रत्येक स्तंभाला एक व्ही, आणि भरलेल्या खान्याचा खर्च = यू + व्ही) पहिल्या ओळीचा यू शून्य धरला की पहिल्या स्तंभाचा व्ही मिळतो आणि गाडी तिथेच अडते. (२,३) मध्ये एप्सिलॉन (जवळपास शून्य इतका नगण्य आकडा) टाकला तरी तेच. का?

रकानेवाला:
(१,१) मध्ये २० भरताच पहिल्या कारखान्याचा माल आणि पहिल्या गोदामाची मागणी एकदमच संपली. डीजनरसी (भरलेले खाने गरजेपेक्षा कमी पडणं) तिथेच शिरली. ओळी + स्तंभ − १, म्हणजे ३+३−१ = ५ खाने भरलेले हवेत, तुमच्याकडे ४ आहेत.

(२,३) भरला की आकडा ५ होतो खरा, पण तो (२,२), (३,२), (३,३) यांच्याबरोबर बंद लूप करतो. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ मात्र तुटलेलेच राहतात. त्यांना जोडणारे खाने चारच: (१,२), (१,३), (२,१), (३,१). त्यातला सर्वांत कमी खर्चाचा घ्या.

पुढे एखाद्या फेरीत एप्सिलॉनच एका खान्यातून दुसऱ्यात सरकेल आणि एकूण खर्च तसाच राहील. चुकलं समजून थांबू नका. नवे यू-व्ही काढून पुन्हा तपासा. अनेक उत्तरपत्रिका इथेच अर्धवट राहतात. शेवटी खर्च काढताना एप्सिलॉन शून्य धरायचा.

डिझाइन_मॅट्रिक्स:
यात एक भर घालायलाच हवी, कारण ओआर आणि संख्याशास्त्र हे दोन वेगळे विषय समजून पाठ केले जातात आणि तिथेच घोळ होतो. समीकरणं सहा आहेत (तीन पुरवठ्याची, तीन मागणीची), पण एकूण पुरवठा आणि एकूण मागणी सारखी असल्याने एक फुकट जातं, रँक (स्वतंत्र समीकरणांची संख्या) ५. टू-वे अनोव्हात (दोन घटकांचा परिणाम एकत्र तपासणारं विश्लेषण) ३ ट्रीटमेंट आणि ३ ब्लॉक घेतले तरी रँक ५च. भरलेल्या खान्याचा खर्च = यू + व्ही, हे तिथलं आल्फा (ट्रीटमेंटचा परिणाम) + बीटा (ब्लॉकचा परिणाम) आहे. एक यू शून्य धरणं म्हणजे पहिला आल्फा शून्य धरणं. तुमचे चार खाने म्हणजे कनेक्टेड नसलेलं ब्लॉक डिझाइन, म्हणजे काही ट्रीटमेंट बाकीच्यांशी ब्लॉकमधून जोडलेलेच नाहीत. तिथे सगळे ट्रीटमेंट फरक एस्टिमेट होत नाहीत, इथे सगळे यू-व्ही मिळत नाहीत. लिनियर मॉडेल्सचा पेपर असेल तर दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचा.

आकडेमोड_२१:
आता लागलं. प्रॅक्टिकलला 'आर' (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) मध्ये पडताळता येईल का?

रकानेवाला:
हो, एलपीसॉल्व्ह पॅकेजमधलं ट्रान्सपोर्टचं फंक्शन वापरा. त्यात एप्सिलॉनचा खाना नुसता ० दिसतो, म्हणून एकूण खर्च ताडून पाहा. खर्च जुळला पण वाटप वेगळं आलं, तर रिकाम्या खान्यांत 'खर्च वजा (यू + व्ही)' कुठे शून्य येतं ते बघा. तिथून पर्यायी उत्तर निघतं.