ओंकारेश्वरहून आल्यापासून सासूबाई आडव्या

सी-203 वहिनी: शुभ सकाळ. कोणावर रोख नाही, पण सांगावंसं वाटलं. रविवारी ओंकारेश्वरहून आल्यापासून सासूबाई आडव्याच आहेत. जाताना घाटात दोनदा उलटी. इतकी वर्षं बसनं जातायत, कधी काही झालं नाही.

बंटी बी-401: वहिनी, रोख नाही म्हणता आणि गाडी तर माझीच होती ना.

सी-203 वहिनी: मी नाव घेतलं का?

ए-104 काका: इलेक्ट्रिक गाडी म्हणजे झोपाळा. मी घेतानाच बोललो होतो.

डी-302: कॉमन मीटरचं काय ठरलं?

बंटी बी-401: काका, झोपाळा नाही, रीजेन. पेडलवरून पाय उचलला की मोटर जनरेटर होते, चाकांची गती वीज होऊन बॅटरीत परत जाते आणि गाडी आपोआप हळू होते. ब्रेकला हातसुद्धा लावावा लागत नाही.

ए-104 काका: आम्ही ब्रेकला पाय लावतो.

बंटी बी-401: तेच ते. मी रीजेन लेव्हल 3 वर ठेवतो. सगळ्यात जास्त वीज परत.

नाना ए-201: बंटी, लेव्हल 3 वर पाय एकदम उचललास की गचका बसणारच. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा हळूहळू सोडायचा. गाडी कधी मंदावणार हे तुला आधी कळतं, मागे बसलेल्याला कळत नाही. म्हणून तुला मळमळलं नाही आणि आजींना मळमळलं.

सी-203 वहिनी: नाना, घाटाचं सोडा. सकाळी इंदूरमध्येच, भंवरकुआंच्या सिग्नलला आपोआप हळू वगैरे काही झालं नाही. यानं करकचून ब्रेक मारला, आईंचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं.

बी-105: अरे बापरे. काळजी घ्या 🙏 कालाकुंडचा कलाकंद आणला का?

सी-203 वहिनी: आम्ही देवाला गेलो होतो.

बंटी बी-401: ते सिग्नलचं मलाही कळलं नाही, खरंच. रोजच्यासारखा पाय उचलला तर गाडी सुटल्यासारखी पुढेच. रात्रभर चार्जिंगला लावून 100 टक्के केली होती, म्हणजे चार्जिंगचाही प्रश्न नव्हता.

नाना ए-201: तोच तर प्रश्न. घागर काठोकाठ भरल्यावर वरून ओतलेलं कुठे मावणार? भरलेल्या बॅटरीला रीजेनची वीज घेता येत नाही, घेतली तरी थोडीशी. लांब जायचं असेल तर भर की, पण पहिले काही किलोमीटर पाय ब्रेकच्या तयारीत ठेव. पुढे बॅटरी उतरली, रीजेन जोरात परत आला आणि तू भेरूघाटात लेव्हल 3 लावून बसलास.

डी-302: कॉमन मीटरचं काय ठरलं???

सेक्रेटरी: डी-302, किती वेळा सांगायचं? बंटीचा 15 अँपियरचा पॉईंट त्याच्या स्वतःच्या मीटरवरून आहे, अर्थिंग तपासलेलं आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही घरच्या कनेक्शनवरून चार्जिंगची मुभा आहे. विषय संपला.

ए-104 काका: संपला कसा? रात्री 9-10 तास गाडी तिथे उभी. माझी स्कूटर काढायला मला सर्कस करावी लागते.

बंटी बी-401: काका, तुमची स्कूटर दिवाळीपासून हललेली नाही.

ए-104 काका: काढता येत नाही म्हणूनच.

बंटी बी-401: बरं ते असू द्या. एक तरी मान्य करा, घाट उतरताना बॅटरी वाढते! पेट्रोलच्या गाडीत टाकी भरते का उतरताना?

नाना ए-201: वाढते, पण किती ते मोज. माणसांसकट गाडी 1600 किलो धरू, उतार 300 मीटर. 1600 × 9.8 × 300 म्हणजे साधारण 47 लाख ज्यूल. एका युनिटात 36 लाख. झाले 1.3 युनिट. हवा, टायर आणि मोटर आपापला हिस्सा घेणार. हाती एक युनिट आलं तरी नशीब, म्हणजे सहा-सात किलोमीटर. आणि येताना तोच घाट चढायचा आहे.

बी-105: नाना रिटायर झाले, त्यांचं मीटर नाही झालं.

नाना ए-201: रीजेनला नावं ठेवत नाहीये मी. दिल्ली मेट्रो याच जोरावर वीज वाचवते, पण तिथे दर स्टेशनाला थांबायचं असतं. आपलाही खरा फायदा शहरात, पलासियापासून राजवाड्यापर्यंत थांबत-चालत जाताना. ब्रेक पॅडही कमी झिजतात.

ए-104 काका: न वापरलेले ब्रेक गंजतात, त्याचं काय?

नाना ए-201: आज पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात. पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो. रस्ता मोकळा बघून अधूनमधून ब्रेक नीट दाबावेत.

ए-104 काका: "आज पहिल्यांदा" म्हणजे?

बंटी बी-401: वहिनी, आजींना सॉरी सांगा. संध्याकाळी येतो बघायला.

सी-203 वहिनी: सगळं वाचून दाखवलं त्यांना. म्हणाल्या, येताना बरं वाटत होतं, आता कळलं का ते, चढ होता. आणि येताना पोहे-जलेबी आण म्हणाल्या.

ए-104 काका: उलट्या झालेल्या माणसाला जलेबी?

सी-203 वहिनी: काका, पोट त्यांचं आहे.

डी-302: सेक्रेटरी साहेब, मी गाडीचं विचारतच नव्हतो. जिन्यातले दिवे कॉमन मीटरवरून तीन दिवस बंद आहेत.

सेक्रेटरी: हा मेसेज हटवण्यात आला