मदत हवी: पाऊस चांगला, पीक चांगलं, तरी नायजरमध्ये मुलांचं कुपोषण वाढलेलं कसं?

घाईत_आहे
जाणकारांनी कृपया पटकन सांगा, परवा सादरीकरण आहे. विषय: साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या लहान मुलांचं कुपोषण. नायजरमधल्या मारादी भागाचे दोन अहवाल हाती लागलेत, एक जुना, एक नवा. दोन्ही वेळा आधीचा पाऊस बरा झालेला, बाजरीही बरी आलेली. तरी नव्या अहवालात कुपोषण चांगलंच वाढलेलं दिसतंय. मी सगळी मांडणी 'पाऊस नाही, पीक नाही, म्हणून कुपोषण' अशी केली होती, ती उताणी पडली. आकडे तीनदा तपासले, उतरवून घेण्यात चूक नाही. कारण काय देऊ? 'हवामान बदल' लिहून मोकळा होऊ का?

तागडी
थांबा जरा. कुपोषण म्हणजे नेमकं काय मोजलंय? वयाच्या मानाने उंची कमी, उंचीच्या मानाने वजन कमी, की वयाच्या मानाने वजन कमी? मुलं कोणत्या वयाची? पाहणी कोणत्या महिन्यात झाली? आकडे तर तुम्ही दिलेच नाहीत.

घाईत_आहे
अहो, कुपोषण म्हणजे कुपोषण. दोन्हींत 'जीएएम' असं लिहिलंय. आकड्यांचा प्रश्न नाही, मला कारण हवंय.

रानवारा
मला एक कळत नाही. बाजरी तर एवढी पौष्टिक, लोह काय, तंतू काय. मग बाजरी खाणाऱ्या देशात मुलं वाळलेली कशी? बहुतेक हल्ली तिथंही पांढरा तांदूळ आणि नूडल्स शिरले असणार.

डॉ_मुसाफिर
रानवारा, बाजरी मोठ्यांसाठी चांगलीच. पण आठ महिन्यांच्या बाळाचं पोट केवढं? एका वेळेला वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली. म्हणजे सात किलोच्या बाळात जेमतेम २०० मिली मावतं. त्यात बाजरीची पातळ पेज ओतली की पोट भरतं, ऊर्जा मिळत नाही. बाजरीतल्या फायटेट या घटकामुळे लोह आणि जस्त अंगी लागत नाही ते वेगळंच. वर तेल, दूध, शेंगदाणा काही नसेल तर दिवसातून तीनदा पेज पिऊनही मूल खंगतं. नूडल्सचा यात काही संबंध नाही.

तागडी
जीएएम म्हणजे ग्लोबल अक्यूट मालन्यूट्रिशन, एकूण तीव्र कुपोषण: उंचीनुसार वजन उणे २ एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली, किंवा दोन्ही पायांवर सूज. थोडक्यात रोडपणा. खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, नव्हे. हा फरक किरकोळ नाही. खुजेपणा गर्भापासून दोन वर्षांपर्यंत हळूहळू साचतो आणि नंतर फारसा भरून निघत नाही. रोडपणा काही आठवड्यांत येतो, काही आठवड्यांत जातो, म्हणून तो ऋतूप्रमाणे वरखाली होतो. तेव्हा पुन्हा विचारतो: महिना?

शिवार७
मूळ मुद्दा कुणी बोलत नाहीये. नायजरमध्ये बाईमागे सरासरी सहा-सात मुलं. एवढी तोंडं म्हटल्यावर कुपोषण होणारच. बाकी सगळा शब्दांचा खेळ.

मोगरी
शिवार७, तोंडं मोजून झाली असतील तर आयांचं वयही बघा. तिथं चारपैकी तीन मुलींचं लग्न अठराच्या आत होतं. मुलीची स्वतःची वाढ पुरी व्हायच्या आत पोटात मूल, मग कमी वजनाचं बाळ, आणि ते चालायला लागतंय तोच पुढचं. अंगावर सूज आणणाऱ्या कुपोषणाला 'क्वाशिओरकोर' म्हणतात, तो शब्दच यातून आला. १९३० च्या दशकात डॉ. सिसेली विल्यम्स यांनी आजच्या घानामध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनी गा भाषेतलाच शब्द उचलला. अर्थ साधारण असा: धाकटं आलं की अंगावरून सुटलेल्या थोरल्याला होणारा आजार. हे गणित 'तोंडं जास्त' एवढ्यात बसत नाही.

घाईत_आहे
भांडू नका हो. मला फक्त वाढ का झाली तेवढं सांगा.

जलदूत
कारण एकच: पाणी. मूल खातं ते जुलाबात वाहून जातं. कोरड्या भागात एका विहिरीवर माणसं, गुरं, शेळ्या सगळी जमतात, शेणामुताच्या चिखलात रांगणारं मूल तीच बोटं तोंडात घालतं. आतड्याचं अस्तर कायमचं सुजतं, मग खाऊ घाला काहीही. हात धुवायला पाणी आणि संडास द्या, कुपोषण संपलं. मी सहा वर्षं हेच काम करतोय.

शून्यप्रहर
इतकं सोपं असतं तर काय. बांगलादेश आणि केनिया (२०१८), मग झिंबाब्वे (२०१९), हजारो बाळांवर नीट चाचण्या झाल्या. पाणी, हात धुणं, संडास देऊनही मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार दिला तिथे वाढली, तीही थोडीच.

जलदूत
त्या चाचण्यांत क्लोरीन आणि साधे संडास दिले होते, घरोघर नळ नव्हे. बांगलादेशात जुलाब कमी झाले होते, ते सोयीस्कर विसरलात. अर्ध्या उपायाने अर्धाच गुण येणार.

शून्यप्रहर
जुलाब कमी होऊनही उंची वाढली नाही, मी तेच तर म्हणतोय!

हिरवळ_प्रेमी
स्पिरुलिना! चाड सरोवराकाठच्या कानेम भागात बायका शतकानुशतकं हे शेवाळ गोळा करून वाळवतात, 'दिहे' म्हणतात त्याला. प्रथिनांची खाण. तिथली मुलं नक्कीच धष्टपुष्ट असतील.

शून्यप्रहर
त्याच कानेममध्ये मुलांचं तीव्र कुपोषण वर्षानुवर्षं जास्त आहे. पौष्टिक वस्तू गावात असणं आणि ती बाळाच्या तोंडात जाणं यांच्यामध्ये बाजार उभा असतो. दिहे विकून घरखर्च चालतो.

डॉ_मुसाफिर
हे वाक्य मारादीलाही लागू. धागाकर्ते, तुम्ही निवडलेला भागच नमुनेदार आहे. मारादी म्हणजे नायजरचं धान्याचं कोठार, आणि २००५ च्या संकटात सगळ्यात जास्त कुपोषित मुलं तिथंच निघाली. बाजारात धान्य होतं, घेण्याची ऐपत नव्हती. लहान शेतकरी सुगीला भाव पडलेला असताना कर्ज फेडायला बाजरी विकतो आणि सहा महिन्यांनी तीच चढ्या भावाने विकत घेतो. सीमेपलीकडे नायजेरियात भाव जास्त असला की पोती तिकडे जातात. त्यामुळे 'पीक चांगलं' हे वाक्य पोत्यांबद्दल सांगतं, पोटाबद्दल नाही.

मी तिकडे काही महिने उपचार केंद्रात होतो. एक आई दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली, तक्रार तापाची. गाल गुबगुबीत, वजन उंचीच्या मानाने ठीक. बरोबरच्या परिचारिकेने सवयीने दोन्ही पावलांवर अंगठे दाबले, मनात तीनपर्यंत मोजलं, सोडले. दोन्हीकडे खड्डे तसेच राहिले. ते वजन पाण्याचं होतं. काट्याने त्याला सरळ घरी पाठवलं असतं.

घाईत_आहे
डॉक्टर, हे भारी आहे, घेतो. पण माझ्या आलेखाचं काय? शिवाय केंद्रात दाखल होणारी मुलंही त्या काळात वाढलीत असं एका तक्त्यात दिसतंय, म्हणजे वाढ खरीच ना?

डॉ_मुसाफिर
नाही. दाखल मुलं वाढली म्हणजे केंद्रं वाढली असाही अर्थ होतो. शेंगदाण्याची तयार पेस्ट येण्याआधी प्रत्येक अतितीव्र कुपोषित मुलाला आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवून औषधी दूध पाजावं लागायचं. पेस्टला ना पाणी लागतं ना शिजवणं, आई ती घरी नेऊ शकते. २००५ मध्ये एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेने नायजरमध्ये ६० हजारांहून अधिक मुलांवर उपचार केले ते त्यामुळे. जी मुलं आधी घरीच मरत होती ती आता नोंदवहीत आली. पाहणीचा टक्का आणि दाखल मुलांची संख्या एका आलेखात घालू नका.

तागडी
तिसऱ्यांदा विचारतो. महिना?

घाईत_आहे
बघितलं. जुनी पाहणी डिसेंबरची, नवी जूनची. पण वर्षच वेगळं आहे, महिन्याने काय एवढं होतं?

तागडी
सगळं होतं! तिथं पाऊस साधारण जून ते सप्टेंबर. सुगी सप्टेंबर-ऑक्टोबरात. डिसेंबरात कणगी भरलेली, जूनमध्ये रिकामी. त्यात पेरणीची कामं, बाई दिवसभर रानात, बाळाला अंगावर पाजायला सवड नाही. पुढे मलेरिया आणि जुलाबाची साथ. गुरांमागे फिरणाऱ्यांचं आणखी वेगळं: उन्हाळ्याच्या शेवटी चारा संपतो, दूध आटतं, आणि मुलं पावसाच्या आधीच वजनात उतरतात. तुम्ही डिसेंबरची जूनशी तुलना करून 'वाढ' म्हणताय.

मोगरी
आणि कडक उन्हात लहान बाळाला पाणी पाजायची सवय हेही लिहा. आईच्या दुधात ८८ टक्के पाणीच असतं, सहा महिन्यांपर्यंत वेगळं लागत नाही. पण एवढ्या उन्हात बाळाला पाणी देऊ नका हे आजीला पटवणं सोपं नाही. आणि ते पाणी कुठलं, ते जलदूत सांगतीलच.

जलदूत
सांगतो ना. मी म्हटलंच होतं.

गप्पिष्ट
अवांतर: साहेल हा शब्द अरबी 'साहिल'वरून, म्हणजे किनारा. सहाराच्या वाळूचा किनारा. गझलांमधला साहिल तो हाच. चालू द्या.

तागडी
धागाकर्ते, जुना अहवाल २००६ च्या आधीचा आहे का? असेल तर त्यात तुलनेचं कोणतं प्रमाण, म्हणजे मुलांची वाढ ज्याच्याशी ताडतात तो कोणता तक्ता, वापरलंय ते बघा.

घाईत_आहे
२००६ च्या आधीचाच आहे. 'एनसीएचएस' असं काहीतरी. नव्यात 'डब्ल्यूएचओ'. आता हे काय नवीन?

तागडी
तिथंच दुसरी मेख. आधी तुलनेला अमेरिकन मुलांवर बेतलेलं १९७७ चं प्रमाण होतं. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या नीट पोसलेल्या मुलांवरून नवं काढलं. तेच मूल, तोच काटा, पण नव्या प्रमाणाने अतितीव्र कुपोषितांची (उणे ३ एसडीच्या खालच्यांची) संख्या दुपटीच्याही वर जाऊ शकते. सहा महिन्यांखालच्या बाळांत फरक आणखी जास्त.

शून्यप्रहर
भर घालतो. मोठा कल दाखवायचा असेल तर खुजेपणा घ्या, तो ऋतूने इतका हलत नाही. जगात २००० साली पाचाखालची सुमारे ३३ टक्के मुलं खुजी होती, २०२२ मध्ये २२.३ टक्के. आफ्रिकेत टक्का उतरला, पण मुलांची संख्याच वाढल्याने खुजी मुलं कमी झाली नाहीत. नायजरमध्ये तर टक्काही चाळिसाच्या वरच अडकलाय. रोडपणा जगभरात २०२२ साली ६.८ टक्के, साडेचार कोटी मुलं.

शिवार७
म्हणजे संख्या वाढली हे मान्य. मी वेगळं काय म्हणत होतो?

मोगरी
शिवार७ 🙏

घाईत_आहे
म्हणजे मारादीत कुपोषण वाढलं की घटलं?

तागडी
या दोन अहवालांवरून सांगता येत नाही. जुन्या पाहणीची कच्ची मोजमापं (वय, वजन, उंची, सूज) मिळाली तर नव्या प्रमाणाने पुन्हा काढता येईल. महिन्याचा फरक तरीही उरेलच. जूनची दुसरी पाहणी शोधा आणि तिच्याशी तुलना करा.

घाईत_आहे
कच्ची मोजमापं कुठली, जुन्यात नुसते टक्के आहेत. बरं, आता नवाच अहवाल दाखवतो आणि मारादीच्या कोठाराचा मुद्दा मांडतो. सगळ्यांचे आभार, सुटलं.

ता.क. आत्ता तळटीप दिसली. जुन्यात मुलं ६ ते ५९ महिन्यांची आहेत, नव्यात ० ते ५९. हेपण महत्त्वाचं आहे का?

तागडी
पहिल्याच प्रतिसादात वय विचारलं होतं हो मी.