पाय हलतो तो नेमका कशाने?

मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांना एपिड्युरल स्टिम्युलेशन (मज्जारज्जूजवळ इलेक्ट्रोड बसवून करंट देणं) देतात, त्याबद्दल ‘करंट स्नायूला दिला की पाय हलतो’ असं वर एकांनी लिहिलंय. ती पद्धत वेगळी, मांडीवर इलेक्ट्रोड चिकटवून सायकल मारायला लावतात ती. एपिड्युरल स्टिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रोडची पट्टी कमरेच्या भागात मज्जारज्जूच्या आवरणावर बसवतात. करंट मुख्यतः मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदी तंतूंना (शरीराकडून संवेदना आणणाऱ्या नसांना) चेतवतो, आणि इजेखालचं चेतापेशींचं सुस्तावलेलं जाळं जागं होतं. मग मेंदूकडून झिरपणारा क्षीण संदेशही पुरतो. म्हणजे ‘पूर्ण’ इजेचं निदान झालेल्यांतही काही धागे शाबूत असू शकतात! अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठाच्या संशोधक हार्केमा यांच्या गटाने २०११ साली याचेच संकेत दिले. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कुर्तीन आणि ब्लॉक या संशोधकांनी पावलांच्या लयीत करंट देऊन पाहिला.

हातांसाठी तर शस्त्रक्रियाही नको. मानेवर इलेक्ट्रोड चिकटवून चालणाऱ्या एआरसी-ईएक्स यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ६० जणांच्या चाचणीत ७२ टक्क्यांची ताकद आणि हाताचं काम दोन्ही सुधारलं. सोबत व्यायाम मात्र हवाच. ‘चालू लागला’ अशा मथळ्यांत महिनोन्‌महिन्यांची ती मेहनत कुठे दिसते? आणि चालण्यापेक्षा लघवीवरचा ताबा, रक्तदाब हे आधी सुधारावं, असं बऱ्याच रुग्णांना वाटतं.