कॉम्प्युटरच्या १८ लिटरच्या केसमध्ये (डब्यात) २४० मिमीचा लिक्विड कूलर बसेल का?

प्रश्न, लातूर:
प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, मदरबोर्ड मिनी आयटीएक्स (छोट्या मापाचा). मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते. प्रोसेसर गार ठेवायला लिक्विड (पाणी फिरवणारा) कूलर घ्यावा की एअर (नुसत्या हवेवरचा)?

उत्तर १:
दादा, आधी टेप लावून मोजा. रेडिएटर (पाणी गार करणारा भाग) २७ मिमी, पंखा २५, म्हणजे जाडी ५२. लांबीही २४० नसते, पावणेतीनशेच्या आसपास धरा. नळ्या वळायला जागा वेगळीच. ग्राफिक्स कार्डाच्या वायरी तिथंच येतात अन् झाकण बसत नाही. पातळ, १५ मिमीचे पंखे लावले तर जागा सुटते, पण हवा कमी खेचतात.

उत्तर २:
रेडिएटर तळाला नकोच. पाणी फिरवणारा पंप बहुधा प्रोसेसरवर असतो. तोच सगळ्यांत उंच राहिला तर आतली हवा त्यात अडकते, खरखर सुरू होते आणि पंप लवकर जातो. बाजूला लावा, नळ्या खालच्या टोकाला, वरचं टोक पंपापेक्षा उंच. पंपाची वायर मदरबोर्डवरच्या पंप हेडरलाच (पंपासाठीच्या पिनांना), वेग पूर्ण.

उत्तर ३:
लिक्विड असलं तरी पाणी खोलीपेक्षा गार होत नाही. हा प्रोसेसर ८९ अंशांपर्यंत चालतो, शिवाय वीज फार ओढत नाही. १५० मिमी उंचीचा टॉवर (उभा एअर कूलर) बसत असेल तर माझं मत एअरलाच. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायची सोय, ६५ वॅट करून बघा. आणि खिडकीतल्या कूलरचा झोत केसवर येऊ देऊ नका. त्यात पाण्याचे तुषार असतात. केसची धूळ अडवणारी जाळी पंधरा दिवसांनी झाडा, आपल्याकडं धूळ लई बसते.